खूण आणि खूण पटणं : घशाचा कर्करोग, प्रथिनं आणि आपली भाषा

(सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



भाषेच्या व्यासपीठावर विकृतिशास्त्रज्ञाला बोलावणं सहसा येत नाही. विकृतिशास्त्रज्ञ म्हणजे ज्याला आपण पॅथॉलॉजिस्ट म्हणतो तो. रुग्ण आम्हाला फारसा पाहत नाही आणि आम्ही रुग्णाला. आमच्याकडे येतो तो त्याच्या शरीरातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आणि आमच्याकडून जातो तो कागद. सुरतेत गेली सव्वीस वर्षं मी हे काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकात जे पाहिलं ते संध्याकाळी चार ओळींत लिहायचं, असा हा व्यवसाय आहे. त्या चार ओळी नीट लिहिल्या गेल्या का आणि ज्याच्यासाठी लिहिल्या त्याला त्या कळल्या का, हे दोन्ही प्रश्न भाषेचे आहेत. म्हणून अकादमीचं निमंत्रण मी आनंदानं स्वीकारलं.

घशाच्या कर्करोगावरचे शोधनिबंध चाळले तर एक शीर्षक पुन्हा पुन्हा दिसतं. मराठीत ते असं होईल : 'घशाच्या कर्करोगात अमुक प्रथिनाची अभिव्यक्ती : एक संभाव्य चिन्हक'. 'अमुक'च्या जागी दर वेळी नवं नाव येतं, बाकीचं वाक्य तेच राहतं. अशा निबंधाची बातमी होते, तेव्हा 'संभाव्य' हा शब्द पहिल्यांदा गळतो. बातमीवरून जाहिरात होते, तेव्हा 'चिन्हक'ची 'चाचणी' होते. आणि ती जाहिरात लिंबायतच्या किंवा उधन्याच्या एखाद्या घरात पोहोचते, तेव्हा तिचा अर्थ 'रक्त दिलं की घशाचा कॅन्सर कळतो' असा झालेला असतो. या प्रवासात काय हरवतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, ते आज मला सांगायचं आहे. त्यासाठी मी ते शीर्षकच एकेक शब्द घेऊन उलगडणार आहे.

पहिला शब्द घसा. मराठीत घसा एकच. दुखतो तो घसा, बसतो तो घसा, कोरडा पडतो तोही घसा. रागावलो की त्याचं नरडं होतं आणि लाडात आलो की गळा. डॉक्टरांच्या लेखी मात्र तिथे निदान दोन वेगळी घरं आहेत. एक ग्रसनी, म्हणजे नाकाच्या मागून अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत उतरणारा मार्ग. तिचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन भाग. मधल्या भागात टॉन्सिल आणि जिभेचं मूळ येतं. दुसरं घर स्वरयंत्राचं, ज्यात आवाजाच्या दोन घड्या असतात. घर कोणतं यावर रोगाची सगळी चाल अवलंबून असते. आवाजाच्या घडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आली तरी आवाज बदलतो. म्हणजे तिथला रोग स्वतःच लवकर हाक मारतो, आणि अशा अगदी सुरुवातीच्या टप्प्यात किरणोपचारानं किंवा लेझरनं दहापैकी साधारण नऊ रुग्ण बरे होतात. ग्रसनीच्या खालच्या भागातला रोग मात्र गप्प असतो. गिळताना जरा अडकल्यासारखं होतं, कधी एकाच कानात ठणका येतो, आणि पुष्कळदा मानेत गाठ आल्यावरच माणूस दवाखान्याची पायरी चढतो.

सुरतेत तो पायरी का चढत नाही, हेही सांगायला हवं. तापी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून वाहत इथे येते. तिच्या काठानं, भुसावळहून येणाऱ्या रेल्वेनं, आपली खानदेशची माणसंही इथे आली आणि मागावर उभी राहिली. मागाच्या खात्यात दोन हातांवरच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. त्यामुळे आवाज बसला तर कुणाला नवल वाटत नाही. 'खात्यात ओरडतो, कापसाचा कचरा जातो, बसणारच,' असं घरचेही म्हणतात. मराठीत घसा बसतो, गुजरातीत गळुं बेसी जाय, आणि बसलेली गोष्ट कधीतरी उठेलच असा दोन्ही भाषांतल्या क्रियापदाचा भरवसा असतो. म्हणून एक साधं वाक्य मी जिथे जाईन तिथे सांगते : तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज घसा खराब झाल्याचा नसतो असं समजा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र पाहून घ्या. ही तपासणी काही मिनिटांची असते. तिची बरोबरी करणारं एकही प्रथिन अजून सापडलेलं नाही.

कारणांबद्दल थोडक्यात. तंबाखूचा या रोगाशी असलेला संबंध आपल्याकडे फार आधी मांडला गेला आहे. संघवी, राव आणि खानोलकर या मुंबईच्या संशोधकांचा तंबाखू ओढणं व चघळणं आणि तोंड, घसा व अन्ननलिका यांचा कर्करोग यांविषयीचा निबंध १९५५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. यातले डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक, आणि पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे त्यांच्या विद्यार्थिनी. ही आमची गुरुपरंपरा आहे, म्हणून नावं घेतली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात गुजरातेत २५.१ टक्के आणि महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. दोन्ही राज्यांनी २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पुडी गेली आणि तिच्या जागी सुपारी व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत आली. विडी, मिसरी यांना तर बंदीची झळच लागली नाही. विडीच्या जोडीला दारू असेल तर घशाचा धोका बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो.

दुसरा शब्द प्रथिन. १८३८ मध्ये मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञानं प्रोटीन हा शब्द छापला. तो सुचवला बर्झेलियस यांनी, आणि त्याचं मूळ 'अग्रस्थानी असलेलं' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. मराठीतलं 'प्रथिन' कानाला प्रोटीनजवळ जातं आणि मनात 'प्रथम'ची आठवण जागी करतं. परिभाषा करणाऱ्यांच्या हातून घडलेला हा फार चांगला शब्द आहे. पण घरात तो अडकला आहे डाळीत आणि पावडरच्या डब्यात. अहवालात 'प्रथिन वाढलेलं आहे' असं वाचून डाळ, अंडी, दूध बंद केलेले रुग्ण मी पाहिले आहेत. किरणोपचार चालू असताना गिळता येत नाही, वजन उतरत असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत माणूस शब्दाच्या गैरसमजातून आपलं पोषण थांबवतो. आम्ही ज्या प्रथिनांबद्दल लिहितो ती पेशीच्या आत काम करणारी आहेत. पेशीनं कधी दुभंगायचं, कधी थांबायचं, बिघडली तर स्वतःला कधी संपवायचं, हे ती ठरवतात. ताटातल्या वरणाशी त्यांचा असा थेट हिशेब नसतो.

तिसरा शब्द अभिव्यक्ती. हा तर आपल्या साहित्याच्या मांडवातला. कवी जे आतलं बाहेर आणतो ती अभिव्यक्ती. जीवशास्त्रात अर्थ फार दूर नाही. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. त्यांतलं कोणतं जनुक कामाला लागलं आणि त्यानं प्रथिन किती बनवलं, ही त्याची अभिव्यक्ती. सुरतेत हे समजावणं सोपं जातं. जेकार्डच्या मागावर नक्षीची कार्डं टांगलेली असतात. कार्ड म्हणजे जनुक, आणि मागावरून उतरलेलं कापड म्हणजे प्रथिन. कार्डाला भोक चुकीचं पडलं तर कापडात दोष येतो. कधी कार्ड ठीक असतं, पण कापड नको तितकं विणलं जातं. आम्ही विकृतिशास्त्रज्ञ बहुतेक वेळा उतरलेला ताका तपासतो आणि त्यावरून कार्डाचा अंदाज बांधतो.

तपासतो कसा, तेही पाहू. घशातून काढलेला तुकडा फॉर्मलीनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर घेतात. मग त्यावर प्रतिपिंड सोडतात. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटणारा रेणू. तो चिकटला तिथे तपकिरी रंग उमटेल अशी व्यवस्था केलेली असते, आणि बाकीच्या पेशींची केंद्रकं निळी रंगवतात. निळ्यावर तपकिरी कुठे, किती आणि किती गडद, एवढंच आम्ही वाचतो. रंगाच्या धंद्यातल्या माणसाला यातली अडचण लगेच कळेल. तुकडा वेळेत फॉर्मलीनमध्ये पडला नाही, प्रतिपिंड दुसऱ्या कंपनीचं निघालं, रंग दोन मिनिटं जास्त राहिला, की छटा बदलते. 'गडद' म्हणजे किती गडद हे तर शेवटी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर येतं.

आता एक उदाहरण. पी-५३ हे प्रथिन १९७९ मध्ये सापडलं. ते कर्करोगाला मदत करतं असं संशोधकांना प्रथम दहा वर्षं वाटत होतं. १९८९ च्या सुमारास कळलं की ते उलट पहारेकरी आहे. पेशीच्या जनुकांना इजा झाली की ते पेशीला थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला संपवतं. निरोगी पेशीत ते तयार होतं आणि लगेच मोडलंही जातं, म्हणून काचपट्टीवर जेमतेम दिसतं. त्याच्या जनुकात बिघाड झाला की पुष्कळदा निकामी प्रथिन मोडलं जात नाही, साचत राहतं, आणि काचपट्टी गडद तपकिरी दिसते. पहारेकरी झोपलेत म्हणून त्यांची गर्दी झालेली असते. काही बिघाडांत तर प्रथिन तयारच होत नाही आणि काचपट्टी पूर्ण कोरी राहते. म्हणजे खूप दिसलं तरी बिघाड, अजिबात नाही दिसलं तरी बिघाड, आणि थोडं इथे थोडं तिथे दिसलं तर बहुधा ठीक. घसा, तोंड आणि स्वरयंत्र यांच्या कर्करोगांत सर्वांत जास्त वेळा बिघडणारं जनुक हेच. 'अभिव्यक्ती वाढली म्हणजे वाईट, कमी म्हणजे चांगलं' हा सरळ हिशेब इथे पहिल्याच उदाहरणात कोलमडतो.

दुसरं उदाहरण पी-१६, आणि इथे भाषेचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ यांचे काही कर्करोग तंबाखूमुळे होत नाहीत. ते एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. हाच विषाणू स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगालाही कारण होतो. विषाणूचं एक प्रथिन पेशीतला एक लगाम काढून घेतं. त्यावर उपाय म्हणून पेशी पी-१६ हे दुसरं लगामाचं प्रथिन भरमसाट बनवू लागते, पण ते खेचायची दोरीच तुटलेली असते. म्हणून पी-१६ ची गर्दी ही विषाणूची आडून मिळालेली खूण ठरते. सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त पेशींत ठळक रंग आला तर अहवालात 'पी-१६ पॉझिटिव्ह' असं लिहितात.

आणि हे 'पॉझिटिव्ह' चांगलं असतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ग्रसनीच्या मधल्या भागातल्या, विषाणूशी संबंधित कर्करोगाचे ८२.४ टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. विषाणूशी संबंध नसलेल्यांत हेच प्रमाण ५७.१ टक्के होतं. फरक इतका ठळक आहे की, २०१८ पासून वापरात आलेल्या आंतरराष्ट्रीय टप्पेवारीत पी-१६ पॉझिटिव्ह रोगाला वेगळा तक्ता दिला गेला. पण आपल्याकडे पॉझिटिव्ह या शब्दानं एचआयव्हीच्या काळापासून कोविडपर्यंत एकच अर्थ कमावला आहे : 'लागण झाली, संपलं'. टॉन्सिलचा कर्करोग झालेला एक कारागीर, त्याची बायको आणि मोठा भाऊ असे तिघं एकदा अहवाल घेऊन माझ्याकडे आले. भाऊ म्हणाला, 'ताई, कॅन्सर तर होताच, आता हे पॉझिटिव्ह पण निघालं, आता गावी घेऊन जाऊ का?' उपचारांना उत्तम प्रतिसाद मिळण्याची शक्यता असलेला माणूस एका शब्दामुळे उपचारच सोडून देणार होता. त्यांना बसवून सगळं समजावलं, तेव्हा ते पुढच्या उपचारांना गेले. पण असा कागद घेऊन विचारायला न येणारे किती असतील?

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही 'संभाव्य' गाळल्यासारखं होईल. पी-१६ ही विषाणूची खूण आहे, खुद्द विषाणू नाही. २०२३ मध्ये साडेसात हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून एक अभ्यास झाला. त्यात शंभरातल्या साधारण नऊ जणांत पी-१६ एक सांगत होतं आणि विषाणूची थेट तपासणी दुसरं. ज्यांच्यात पी-१६ होतं पण विषाणू नव्हता, त्यांची वाटचाल दोन्ही असलेल्यांइतकी चांगली नव्हती. जिथे विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगाचं प्रमाण मुळातच कमी, तिथे अशी फसवी खूण जास्त मिळते. आपला भाग तंबाखूचा. इथे विषाणूचा वाटा पश्चिमेपेक्षा कमी आहे. म्हणून तिकडे पटलेली खूण इथे पुन्हा तपासावी लागते. आणि स्वरयंत्राच्या कर्करोगात पी-१६ ला हा मान नाहीच. एकाच घशात, चार बोटांच्या अंतरावर, तेच प्रथिन वेगळा अर्थ सांगतं.

पी-१६ चांगलं निघालं म्हणून उपचार हलके करता येतील का, हेही तपासून झालं आहे. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. नेहमीच्या सिस्प्लॅटिनऐवजी कमी त्रासाचं मानलं गेलेलं सेटुक्सिमॅब दिल्यावर रोग जास्त वेळा उलटला. चांगली खूण मिळाली तरी उपचार पूर्णच घ्यायचे, हे त्यातून पक्कं झालं.

यावरून चौथ्या शब्दाकडे येते : संभाव्य चिन्हक. चिन्हकाचं काम तीन प्रकारचं असतं. एक, रोग आहे का हे सांगणं. दोन, रोग पुढे कसा वागेल हे सांगणं. तीन, कोणतं औषध लागू पडेल हे सांगणं. एका कामात हुशार असलेलं चिन्हक दुसऱ्या कामात कुचकामी असू शकतं. ईजीएफआर नावाचं प्रथिन घ्या. डोक्या-मानेच्या बहुसंख्य कर्करोगांत ते प्रमाणाबाहेर असतं. त्याला अडवणारं सेटुक्सिमॅब २००६ मध्ये अमेरिकेत या कर्करोगांसाठी मंजूर झालं. साहजिकच वाटलं की ज्याच्या काचपट्टीवर ईजीएफआर जास्त, त्याला औषध जास्त लागू पडेल. तसं दिसलं नाही. गावात सगळ्यांचंच आडनाव पाटील असेल तर आडनावावरून घर सापडत नाही, तसं हे आहे.

नवी खूण बहुतेक वेळा छोट्या अभ्यासातून येते : एक रुग्णालय, साठ-सत्तर रुग्ण, जुन्या मेणात जपलेले तुकडे. त्यात दहा प्रथिनं तपासली तर एखादं योगायोगानंही ठळक निघतं. मग दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डोळ्यांनी, आधी ठरवलेल्या सीमारेषेनं तेच पुन्हा मिळतं का, हे पाहावं लागतं. असे अभ्यास कसे मांडावेत याचे आंतरराष्ट्रीय संकेत २००५ मध्ये तयार झाले, कारण तोवर निबंधांचा ढीग झाला होता आणि रोजच्या उपचारात पोहोचलेल्या खुणा बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या.

आता रक्ताच्या चाचणीचं गणित. समजा, एक काल्पनिक चाचणी आहे. रोग असलेल्या शंभरांतल्या नव्वदांना ती पकडते आणि रोग नसलेल्या शंभरांतल्या नव्वदांना बरोबर सोडते. ऐकायला उत्तम. दहा हजार लोकांना ती केली आणि त्यांत खरे रुग्ण दहा असले, तर ती नऊ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांतल्या ९९९ जणांनाही ती घाबरवेल. म्हणजे धोक्याचा कागद हातात आलेल्या १,००८ जणांत खरे रुग्ण फक्त नऊ, शंभरात एकही नाही. आणि दहावा रुग्ण निर्धास्त मनानं घरी जाईल. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये 'कॅन्सर मार्कर' हे शब्द दिसले की हा हिशेब आठवावा. आपल्याकडच्या नेहमीच्या घशाच्या कर्करोगासाठी निरोगी माणसानं करून घ्यावी अशी प्रथिनाची एकही रक्तचाचणी आज मान्य नाही. निदान होतं ते तुकडा तपासूनच. 'तुकडा काढला की पसरतो' ही भीती खानदेशातून सुरतेपर्यंत सगळीकडे भेटते. तिला आधार नाही. तुकडा काढायला घाबरून घालवलेल्या महिन्यांत मात्र रोग खरोखर पसरतो.

म्हणजे ही शोधाशोध व्यर्थ का? मुळीच नाही. पेशींवरच्या पीडी-एल-१ या प्रथिनाच्या अभ्यासातून प्रतिकारशक्तीला मोकळं करणारी औषधं आली. ती फार महाग. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं १५१ रुग्णांवर एक चाचणी केली. तिकडच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दिलं. रोग खूप पुढे गेलेल्या या रुग्णांत एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. आपल्या रुग्णांवर, आपल्या खिशाला धरून केलेल्या अभ्यासाचं हे मोल आहे.

आता अकादमीसमोर दोन-तीन गोष्टी ठेवते. मार्करला काय म्हणावं? 'चिन्हक', 'दर्शक', 'सूचक' हे सगळे शब्द कोशात शोभतात. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा विकृतिशास्त्राचा परिभाषा कोश माझ्या टेबलावर असतो आणि त्याचा मला उपयोग होतो. पण रुग्णाशी बोलताना मला 'खूण' हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. कारण मराठीत खूण असणं वेगळं आणि खूण पटणं वेगळं. हरवलेल्या माणसाची खूण सांगणारे पुष्कळ भेटतात. खूण पटते तेव्हाच आपण त्याला घरात घेतो. शास्त्रज्ञांच्या 'संभाव्य चिन्हक' आणि 'सिद्ध चिन्हक' यांतला सगळा फरक आपल्या आजीच्या बोलण्यात आधीपासून आहे. 'खूण मिळाली आहे, अजून पटलेली नाही,' असं वाक्य वर्तमानपत्रात छापलं तर कुणाचीही फसगत होणार नाही.

तसंच पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या जागी 'आढळलं' आणि 'आढळलं नाही' असं लिहावं, आणि त्याखाली एक ओळ असावी : याचा अर्थ तुमच्यासाठी काय. सुरतेतला रुग्ण घरी मराठी किंवा अहिराणी बोलतो, रुग्णालयात गुजराती ऐकतो, आणि अहवाल इंग्रजीत घेतो. संमतीपत्रावर सही करताना तो नेमकं कशाला हो म्हणतो? महापालिकेच्या शाळा इथे मराठीतही चालतात, मग तपासणीच्या कागदावर मराठीच्या चार ओळी अशक्य नसाव्यात. अकादमीनं पन्नास-साठ शब्दांची एक छोटी पुस्तिका मराठी आणि गुजरातीत करावी. डॉक्टर आणि भाषातज्ज्ञ यांनी ती मिळून लिहावी, आणि छापण्याआधी मागावरच्या दहा माणसांकडून मोठ्यानं वाचून घ्यावी. जिथे ते अडखळतील तिथला शब्द बदलावा.

हे काम भाषेच्या संस्थेचं का, याला आणखी एक कारण आहे. उशिरा आलेल्या रुग्णाचं स्वरयंत्र काढावं लागलं की तो मानेला यंत्र लावून बोलतो. त्या यंत्राला 'क' आणि 'ग' वेगळे करणं जड जातं, कारण त्याचा सूर सतत चालूच असतो. आणि 'ह' तर जवळजवळ जातोच, कारण तो फुफ्फुसातून येणाऱ्या श्वासाचा वर्ण आहे आणि तो श्वास आता मानेतल्या छिद्रातून परस्पर बाहेर पडतो. मराठी माणसाला 'हो' म्हणायला 'ह' लागतो आणि 'नाही' म्हणायलाही 'ह' लागतो. उपचारांसाठी ज्याचा होकार-नकार आपण कळेल अशा भाषेत कधी विचारलाच नाही, त्याच्या तोंडून पुढे ही दोन अक्षरंच निघून जातात. ती जाण्याआधी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणं शक्य आहे, आणि ते आपल्याच हातात आहे.

इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी तीन आठवडे बसलेला आवाज असेल, तर त्यांना माझा आजचा निरोप अवश्य सांगा.